टेबलालाही विष चढलं

कारखान्यातली मशीनं बंद होती, तरी माणसं ओरडूनच बोलत होती. इतकी वर्षं करवतीच्या आणि घासायच्या मशीनच्या वर आवाज चढवून घशाला तीच सवय लागलेली. मग काढा देणाऱ्या बाबांनी हात वर केला आणि सगळे एकदम गप्प झाले.

मधोमध जेवणाचं एक नवं कोरं टेबल होतं, अजून पॉलिश न लागलेलं. त्यावर काचेचा मोठा वाडगा, वाडग्यात स्वच्छ पाणी. बाजूला दोन किटल्या, एक धड, एक झाकणाला पोचा आलेली. आणि टेबलामागे बाबा. अंगात इतके पांढरे कपडे की भुशाने भरलेली माणसं आपोआप दोन हात लांब उभी राहिली होती.

"कर्करोग म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकलं. "साचलेलं विष. डॉक्टर काय करतो? कापतो. मी काय करतो? काढतो. या, कोण येतंय पुढे?"

रेडिओ पुढे झाला. करवत चालवणाऱ्या या माणसाचं तोंड दिवसभर बंद होत नसे, म्हणून कारखान्याने त्याला हे नाव ठेवलं होतं. बाबांनी पोचा आलेल्या किटलीतून कपभर काढा ओतून दिला. रेडिओने तो तोंडात घोळवला आणि चेहरा असा वाकडा केला की मागचे हसले.

"तुरट आहे," तो गाल फुगवून कसाबसा म्हणाला.

"काढा तुरट नाही बाळा, तुझं विष तुरट आहे," बाबा म्हणाले. "वाडग्यात चूळ टाक."

चूळ पाण्यात पडली आणि पाणी काळं झालं. आधी धुराची एक रेघ आत उतरली, मग ती पसरली, मग सगळा वाडगा शाईच्या दौतीसारखा झाला. कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. रेडिओचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून पहिल्यांदाच आवाज येत नव्हता.

हे सगळं थोरला मागे पॉलिशच्या डब्यांपाशी उभा राहून बघत होता. थोरला आणि धाकटा हे दोघे सख्खे भाऊ या कारखान्यात कामाला. थोरला पॉलिशवाला, धाकटा घासायच्या मशीनवर. थोरल्याची बायको मागच्या वर्षी कर्करोगाने गेली होती. त्यामुळे त्या शब्दाचा नुसता उच्चार झाला तरी लोक त्याच्याकडे बघत आणि मग पटकन दुसरीकडे बघत.

कामगारांनी विश्वास ठेवला, यात त्यांचा फार दोष नव्हता. रोज संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी व्हायचा. खोकला काढला की भुशाचा वास यायचा. आत काहीतरी जातंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज ते बाहेर येताना दिसलं, एवढंच.

बाबांना आणलं होतं मालकांनी. मालक वाईट माणूस नव्हते, फक्त घाईचे होते. काही दिवसांपूर्वी दातांच्या डॉक्टरबाईंनी येऊन सगळ्यांची तोंडं तपासली होती. तंबाखू आणि बिडी सोडा, असं त्यांनी कामगारांना सांगितलं. मालकांना म्हणाल्या की लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात गेला तर त्यानेही कर्करोग होऊ शकतो. भुसा ओढून घेणारं मशीन बसवा, तोवर सगळ्यांना चांगले मास्क द्या. मशीनसाठी मागची भिंत फोडावी लागणार होती आणि काम बंद ठेवावं लागणार होतं. बाबांना फक्त एक खुर्ची लागत होती. मालकांच्या मेव्हण्याने बाबांचं नाव सुचवलं आणि मालकांना हायसं वाटलं.

त्याच तपासणीत डॉक्टरबाईंनी धाकट्याचा गाल ताणून आत बराच वेळ बॅटरी मारली होती. तिथे एक पांढरा चट्टा होता, अगदी तंबाखूची गोळी ठेवायची तिथेच. "हा पुसून जात नाही. छोटा तुकडा काढून तपासायला हवा," त्या म्हणाल्या होत्या. "घाबरू नका, पण टाळू नका."

धाकट्याने दोन्ही केलं. घाबरलाही आणि टाळलंही.

आणि आता तो रेडिओच्या मागे रांगेत उभा होता.

---

चूळ भरायची वेळ थोरल्यावरही आली. मालक समोर होते, नाही कसं म्हणणार? त्याने उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तरी त्याचीही चूळ काळी झाली.

"मी तर काही खात नाही," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मालकांनी त्यांना आधीच काहीबाही सांगितलं असणार. "हे दुःखाचं विष," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या घरातल्या बाईंना वेळेवर माझ्याकडे आणलं असतं तर आज त्या तुमच्यासाठी चहा टाकत असत्या."

थोरल्याने कप खाली ठेवला आणि तो आपल्या कोपऱ्यात गेला. त्या दिवशी त्याने एकाच खुर्चीला इतक्या वेळा हात मारला की पॉलिशचे ओघळ आले.

हा माणूस खरं बोलत असेल तर? एका चुळीचं काम होतं आणि आपण तिला महिनोन्‌महिने दवाखान्याच्या बाकांवर बसवलं? दुसऱ्या दिवशी तो धाकट्याच्या घरी जेवायला बसला तरी हाच विचार. आपल्या बायकोशी मनातल्या मनात बोलायची त्याला सवय लागली होती. ती असती तर म्हणाली असती, आधी जेवून घ्या, मग काय ते माझं डोकं खा. त्याला तेही जमेना.

बाबा दर शनिवारी येऊ लागले. दर वेळी चुळीचा रंग उतरत गेला. काळा, मग करडा, मग नुसता गढूळ. "विष निघत चाललं की काढा गोड लागायला लागतो," बाबा सांगत. आणि खरंच, जुन्या लोकांना तो गोड लागू लागला. नवा कुणी आला की त्याला मात्र तुरट लागायचा.

कारखान्यात आनंदीआनंद झाला. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून वाटलेले मास्क खुंटीला टांगले गेले. "दर शनिवारी साफ होतंय की, मग रोज थोबाड कशाला बांधून घ्यायचं?" असं रेडिओ म्हणे. कुणी बिडी सोडली होती, त्याने परत धरली. धाकट्याची तंबाखूची डबी तर आधीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली.

"तपासणीचं काय झालं?" थोरल्याने एकदा विचारलं.

"कसली तपासणी? दादा, माझी चूळ आता करडी आहे, करडी. पुढच्या दोन वेळांत स्वच्छ होणार. मग काय त्या डॉक्टरीणबाईंना पाणी दाखवायला जाऊ?"

"चट्टा आहे की गेला?"

धाकटा घुटमळला. "बाबा म्हणाले, चट्टा सगळ्यांत शेवटी जातो."

---

पुढच्या सोमवारी सकाळी थोरल्याने ते जेवणाचं टेबल पॉलिशला घेतलं आणि त्याचं डोकं फिरलं. पांढऱ्याशुभ्र लाकडावर काळंकुट्ट कडं उमटलं होतं. त्याच्या आजूबाजूला शिंतोड्यांचे काळे ठिपके.

"रेडिओ, इकडे ये," तो म्हणाला. "ओला शिकंजा टेबलावर कुणी ठेवला?"

या कारखान्यात हा गुन्हा होता. लाकूड आवळून धरायचे लोखंडी शिकंजे ओले असतील तर या टेबलाच्या जातीच्या लाकडावर काळा डाग पडतो आणि तो लाकूड खरवडल्याशिवाय जात नाही. नव्या माणसाला इथे पहिली शिवी याच गोष्टीसाठी बसायची.

"मी नाही ठेवला," रेडिओ म्हणाला. "आईशप्पथ. शिकंजे सगळे त्या भिंतीला आहेत. आणि शिकंजा गोल कधीपासून असायला लागला?"

हे मात्र बरोबर होतं. डाग गोल होता. वाडग्याच्या बुडाएवढा.

थोरल्याने त्यावर बोट फिरवलं. शनिवारी बाबा आपल्या मोठ्या बाटलीतून वाडगा भरत होते तेव्हा पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं होतं, त्यानेच फडक्याने वरवर टिपलं होतं. तेव्हा अजून एकानेही चूळ भरलेली नव्हती.

"टेबल तंबाखू खातं का रे?" त्याने विचारलं.

"काय?"

"काही नाही. जा, करवत लाव."

संध्याकाळी तो त्याच लाकडाची, शिकंज्याचा काळा डाग पडलेली एक जुनी फळी काखोटीला मारून धाकट्याच्या घरी गेला. धाकट्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला मास्तरीण म्हणत. धाकटा अजून आला नव्हता. मास्तरीण ओट्याशी भांडी आवरत होती.

"ओल्या लोखंडाने लाकूड काळं का पडतं?" थोरल्याने दारातूनच विचारलं.

"बसा तरी, दादा. लाकडात तुरट द्रव्य असतं. झाडाच्या सालीत असतं, कडक चहात असतं. लोखंड त्याला भेटलं की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करायचे."

"म्हणजे लोखंड पाण्यात विरघळलेलं असेल, पाणी स्वच्छ दिसत असेल, तरी?"

मास्तरणीचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं. "हिराकस," ती म्हणाली. "लोखंडाचाच क्षार, फिकट हिरवे खडे असतात. पाण्यात थोडेसेच टाकले तर रंगही कळत नाही. आमच्या प्रयोगशाळेत बाटली आहे."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून चिमूटभर हिराकस कागदाच्या पुडीत आणलं. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन विरघळवलं. गॅसवर बिनदुधाचा चहा चांगला काळपट होईपर्यंत उकळला, गार केला आणि चमचाभर त्या पाण्यात सोडला.

धुराची एक रेघ आत उतरली. मग ती पसरली.

थोरल्याला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि आपल्याला नक्की काय होतंय ते त्याला कळेना. "म्हणजे तिला तिथे नेलं असतं तरी..."

"काही झालं नसतं, दादा," मास्तरीण म्हणाली. "तुम्ही वहिनींना न्यायला हवं होतं तिथेच नेलंत."

थोरल्याने मान हलवली. मग शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला. "याला कसं सांगायचं?"

धाकट्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता उठला. "चहा आणि हिराकस. घरात बसून काहीही काळं करता येईल. बाबांनी तसंच केलं कशावरून?" आणि मग, बोलून जायला नको ते तो बोलून गेला. "तुझी बायको वाचली नाही, दादा. म्हणून मी वाचतोय ते तुला बघवत नाही का?"

मास्तरणीने डोळे मिटून घेतले. थोरला मात्र रागावला नाही. एवढ्या भीतीत माणूस काय बोलतो ते त्याने दवाखान्यात भरपूर ऐकलं होतं.

"बघवतं," तो म्हणाला. "म्हणून तर मागे लागलोय. एक काम कर. शनिवारी बाबा तुला शुद्ध म्हणतील. म्हणू देत. त्यानंतर आणखी एकदाच चूळ भर, मी सांगेन त्या किटलीतून. स्वच्छ निघाली तर मी तुझ्या नादाला लागणार नाही."

धाकट्याने खरकटा हात तसाच धरून ठेवला होता. "आणि काळी निघाली तर?"

"मग दवाखान्यात मी तुझ्यासोबत येतो."

---

शनिवारी मास्तरीण शाळा सुटल्यावर थेट कारखान्यात आली. बाबांना बाईमाणूस बघून आनंद झाला. "या ताई, तुम्हीही शुद्ध व्हा."

"आधी यांचं होऊ दे," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

धाकट्याने धड किटलीतला काढा घेतला, चूळ भरली, वाडग्यात टाकली. पाणी जसंच्या तसं. टाळ्या पडल्या. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी दोन्ही हात वर केले. "हा देह आता निर्विष आहे. याला कर्करोग शिवणार नाही, हा माझा शब्द."

"बाबा," थोरला पुढे येऊन म्हणाला, "त्याला या दुसऱ्या किटलीतला द्या की एकदा."

"ती नवीन लोकांसाठी आहे."

"काढा एकच ना? तुम्हीच म्हणता, तुरट काढा नसतो, विष तुरट असतं. याच्यात तर आता विषच नाही. त्याला गोडच लागेल."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाबा काही म्हणायच्या आत धाकट्याने स्वतःच पोचा आलेली किटली उचलली. कप भरला. तोंडात घेतला, आणि त्याचा चेहरा आक्रसला. त्याला काय ते तेव्हाच कळलं होतं. तरी त्याने चूळ वाडग्यात टाकली.

पाणी काळं झालं. पहिल्या शनिवारपेक्षाही काळं.

"हे काय, याला आत्ता लागण झाली का?" रेडिओने विचारलं.

"संशयाचं विष," बाबा म्हणाले. "याच्या भावाने संशय घेतला, तो याच्यात उतरला."

"बरं," थोरला म्हणाला. त्याने वाडग्यातलं काळं पाणी बादलीत ओतलं, बाबांच्या बाटलीतलं स्वच्छ पाणी नव्याने भरलं, आणि पोचा आलेली किटली तोंडाजवळही न नेता सरळ वाडग्यावर कलती केली. सगळ्यांच्या देखत पाणी पुन्हा शाई झालं. "हे कुणाच्या तोंडातून आलं, बाबा? किटलीच्या?"

आता हसणं आवरेना. मास्तरीण मग सगळ्यांना समजावून सांगू लागली, बाटलीत काय असणार आणि किटलीत काय असणार. "एका किटलीत सालीचा तुरट काढा आहे, दुसरीत साखरेचं पाणी असेल. मधल्या आठवड्यांत दोन्ही थोडं थोडं ओतायचं, म्हणजे रंग हळूहळू उतरतो," ती म्हणाली. थोरल्याने टेबलावरचा गोल डाग दाखवला. शिकंज्याचा डाग इथल्या प्रत्येकाने शिव्या खाऊन ओळखलेला होता. त्यांना पुढचं कुणी समजवायची गरज पडली नाही.

"टेबलालाही विष चढलं की हो," रेडिओ म्हणाला. "एवढंसं लेकरू. अजून पॉलिशही लागलं नाही त्याला."

मालक लालबुंद झाले होते. "बाबा, तुम्ही स्वतः एकदा चूळ भरा बघू. या किटलीतून."

"आज माझं मौन आहे," बाबा म्हणाले.

"मौन? आत्तापर्यंत तर बोलत होतात."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. मौन त्याच क्षणी सुरू झालं होतं. मौनातच त्यांनी किटल्या पिशवीत कोंबल्या, वाडगा तसाच टाकून दिला आणि पांढरे कपडे दोन्ही हातांनी वर धरून भुशातून वाट काढत ते बाहेर पडले. मालकांचा मेव्हणा त्या दिवशी योगायोगाने आजारी होता.

धाकटा मात्र हसत नव्हता. तो गालाच्या आतून जीभ फिरवत होता. सगळं आवरून लोक पांगल्यावर तो भावापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी वहिनीचं नाव काढायला नको होतं."

"नको होतं," थोरला म्हणाला. "सोमवारी सकाळी तयार राहा."

---

दवाखान्यात धाकट्याने खुर्चीच्या हातांना असं घट्ट धरलं होतं की डॉक्टरबाईंनी खुर्ची मोडू नका म्हणून सांगितलं. सुन्न करायची सुई, एक बारीकसा तुकडा, गालात कापूस. संपलं. "एवढंच?" त्याने कापसातून विचारलं. एवढ्यासाठी तो किती शनिवार काळ्या पाण्यात घालवून बसला होता.

निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र कुणालाच सोपे गेले नाहीत. थोरला रोज रात्री धाकट्याकडेच जेवायला जाई.

निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी तो साध्या शब्दांत सांगितला. कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, वाट त्याच गावाची होती. चट्टा काढून टाकायचा, तंबाखू आजपासून बंद, आणि मग ठरलेल्या वेळी येऊन दाखवत राहायचं.

"म्हणजे मग होणार नाही ना?" धाकट्याने विचारलं. "नक्की?"

"नक्की नाही सांगता येत. होण्याची शक्यता खूप कमी होईल."

"बाबांनी तर शब्द दिला होता."

"त्यांना द्यायला काय जातंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना तुमचं पुढे काय होतं ते बघायला यायचं नव्हतं. मला तुमचं तोंड अजून वीस वर्षं बघायचं आहे."

थोरल्याच्या मनात एक प्रश्न कधीपासून अडकला होता. तो त्याने तिथेच विचारून टाकला. "माझ्या बायकोने कशाला हात लावला नव्हता. चालायला जायची, साधं जेवायची. मग तिला का झाला?"

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवले. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काही कर्करोग कशानेही टळत नाहीत. त्यात त्यांची चूक नव्हती, तुमचीही नव्हती. पण पुष्कळसे टळू शकतात, आणि तेवढे तरी टाळावेत."

थोरला त्या उत्तराने सुखी झाला असं नाही. पण त्या उत्तरात किटली नव्हती, आणि ते त्याला पुरलं.

कारखान्याची मागची भिंत अखेर फुटली. भुसा ओढणारं मशीन बसलं. रेडिओची तक्रार अशी की त्याच्यामुळे आता आणखी ओरडून बोलावं लागतं. मास्क खुंटीवरून उतरले. धाकटा तंबाखूच्या जागी बडीशेप चघळतो आणि दिवसातून चार वेळा चिडतो. मास्तरीण ते सहन करते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच म्हणणं आहे. शरीरातलं विष चुळीने काढून देतो असं कुणी म्हणाला तर त्याला विचारा, पाण्यात काय घातलंय आणि काढ्यात काय घातलंय. तंबाखू, बिडी आणि दारू सोडता येतात. धूळ आणि धूर यांच्यापासून नाकाला जपता येतं. रोज थोडं चालता येतं, पोटात भाजी-फळं जाऊ देता येतात. यातल्या कशानेही पक्की हमी मिळत नाही, आणि हमी देणारा भेटलाच तर आधी त्याच्याकडेच नीट बघा. आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा आणि तोंड मोठं उघडा. आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर कुणाला न विचारता डॉक्टरकडे जा. भीती वाटत असेल तर भावाला बरोबर न्या.